डमडमहून निघणाऱ्या वाटा

डमडम हे नाव मराठी माणसाला तसे परके नाही. ज्या काळी घरात ग्रामोफोन असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, त्या काळी मराठी नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या असंख्य तबकड्या डमडमच्या कारखान्यातून निघत. गायक महाराष्ट्रातला, ऐकणारे कान पुण्याचे किंवा नागपूरचे, आणि ते सूर तबकडीवर उमटविणारी यंत्रे मात्र कोलकात्याच्या उत्तर वेशीवरची, असा तो प्रकार होता. पुढे हे गाव विमानतळाचे म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९५ पासून त्या विमानतळाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव आहे. त्याही आधी, १८५३ पर्यंत, बंगालच्या तोफखान्याचे मुख्य ठाणे येथे होते. गावाचे नावही त्या तोफांच्या संगतीतलेच, असे सांगतात. तोफा चढविण्यासाठी रचलेला मातीचा उंचवटा म्हणजे दमदमा. हा फारसी शब्द आपल्या जुन्या मराठीनेही आपलासा केलेला आहे.

परंतु येथे प्रस्तुत आहे ते डमडमचे आणखी निराळे महत्त्व. कोलकात्यातून बाहेर पडणारे मोठे रस्ते या गावातून किंवा त्याच्या अगदी जवळून फुटतात. जेसोर रोड हा त्यांतला सर्वांत जुन्यांपैकी एक. तो नागेरबाजार आणि विमानतळ मागे टाकून बारासात, हाबडा, बनगाव असे करीत बांगलादेशाच्या सीमेवरील पेट्रापोलला जातो. बारासातला त्यातून उत्तरेकडचा महामार्ग निघतो व कृष्णनगर, बहरमपूर, फराक्का या वाटेने पार सिलिगुडीकडे नेतो. पश्चिमेला बेलघरिया द्रुतगती मार्ग आहे. २००७ साली खुल्या झालेल्या निवेदिता सेतूवरून गंगा ओलांडून तो डानकुणीला, दिल्लीकडे जाणाऱ्या महामार्गाला मिळतो. आणि त्या बाजूलाच, नदीच्या पूर्व काठाने, श्यामबाजारहून बॅरकपूरला जाणारा बॅरकपूर ट्रंक रोड आहे. सायकलवर पडशी बांधून वर्धमान, नवद्वीप किंवा मुर्शिदाबाद गाठावयास निघालेल्या माणसाला डमडमपाशीच एक निर्णय घ्यावा लागतो. सरळ, रुंद, गजबजलेला हमरस्ता धरावयाचा, की वळणावळणाने, गावांना विचारत जाणारी जुनी वाट?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. सावध माणूस म्हणतो, जीव प्यारा असेल तर हमरस्त्याला शिवू नये. घाईचा माणूस म्हणतो, लांबचा पल्ला मारावयाचा तर आडवाटांनी भटकून कसे भागेल? दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कारण दोघांनीही रस्त्यावरची गर्दी तेवढी मोजली. त्या गर्दीचा वेग मोजला नाही.

हा प्रश्न मुळात फार जुना नव्हे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा या तिघांनी ती पुरी करून १९२८ मध्ये मुंबई गाठली. १९२६ च्या डिसेंबरात कोलकात्याहून विमल मुखर्जी तीन सोबत्यांसह निघाले. ते परतले १९३७ मध्ये. या मंडळींपुढे हमरस्ता की आडवाट असा पेच पडण्याचे कारणच नव्हते. त्या काळी आपल्या देशात चाक नीट फिरेल असा रस्ता म्हणजे हमरस्ताच, आणि त्यावर बैलगाड्या, टांगे, गुरांचे कळप आणि अधूनमधून धुरळा उडवीत जाणारी एखादी मोटार. हमरस्ता हाच शांत रस्ता होता. आडवाट म्हणजे चिखल, वाळू किंवा बैलगाडीच्या चाकोऱ्या. मोटारी वाढल्या, त्यांचा वेग वाढला, आणि एका रस्त्याचे दोन रस्ते झाले. दुसऱ्या बाजूने खेड्यापाड्यांच्या वाटांवर डांबर आले. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने तर हे काम देशभर पोहोचविले. तेव्हा आज सायकलस्वाराला जी निवड करता येते, ती त्याच्या आजोबाला करता येत नव्हती.

आता वेगाचा हिशेब पाहू. समजा, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसासमोरून एका तासात एकाच दिशेने १०० वाहने जातात आणि त्यांचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे. त्याच दिशेने कोणी ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवीत असेल, तर त्या तासात मागून येऊन त्याला ओलांडणारी वाहने भरतील ७५. आता गर्दी तेवढीच ठेवून वाहनांचा वेग २० वर आणला, तर त्याला ओलांडणारी वाहने उरतात फक्त २५. म्हणजे उभ्या माणसाला दोन्ही रस्ते सारखेच गजबजलेले दिसतील; चालत्या सायकलला मात्र दुसरा रस्ता पहिल्याच्या एकतृतीयांश जाच देईल. शिवाय ओलांडणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या आणि सायकलच्या वेगांतील अंतर पहिल्या रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरचे, दुसऱ्यावर केवळ ५ चे. शंभर मीटर मागे असलेले पहिले वाहन आठ सेकंदांत अंगावर येते. दुसऱ्याला तेवढ्याच अंतराला मिनिटाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात दोन्ही माणसांना एकमेकांकडे पाहून बाजूला सरकता येते. आणि धडक झालीच तर? वेग तिप्पट झाला की आघाताचा जोर नऊपट होतो, हे तर शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे गणित आहे.

सरकारी आकडेही याच दिशेला बोट दाखवितात. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३६ टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवर झाले, आणि देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत या महामार्गांचा वाटा अवघा दोन-सव्वादोन टक्क्यांचा. अर्थात महामार्गांवर वाहतूकही पुष्कळ अधिक असते, म्हणून एवढ्या आकड्यावरून प्रत्येक महामार्ग हा मृत्यूचा सापळा ठरविणे न्याय्य होणार नाही. सायकलस्वाराला मात्र सरासरीशी फारसे कर्तव्य नसते. त्याच्या उजव्या कोपराजवळून काय जाते, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

या दृष्टीने डमडमहून पश्चिमेला जाणाऱ्या दोन वाटांची तुलना फार बोधक ठरते. पहिली वाट बेलघरिया मार्गाने, निवेदिता सेतूच्या दिशेने, डानकुणी आणि तेथून दुर्गापूर द्रुतगती मार्गाने वर्धमानकडे. हा रस्ता सरळ आहे, सपाट आहे, दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तेथवर भाताची शेते आहेत. पायाला लय सापडली की ती मोडावी लागत नाही. ताशी अठरा-वीस किलोमीटरचा वेग सहज टिकतो. साइडपट्टी मोकळी असेल तोवर सायकलस्वाराला राजासारखे वाटते. परंतु साइडपट्टी नेहमी मोकळी नसते. तिच्यावर चाकाचे काम निघालेली मालमोटार उभी असते, उलट दिशेने येणारी मोटारसायकल असते, फुटलेल्या टायरच्या तारा आणि काचा असतात. ती चुकविण्यासाठी डावीकडून उजवीकडे सरकण्याचा जो एक क्षण, तोच सर्व प्रवासातला धोक्याचा क्षण होय. कडेने वाहणारा वाराही आहे. मोठी मालमोटार भरधाव जाते तेव्हा ती आधी हवेचा लोट बाहेर ढकलते आणि पाठोपाठ आत ओढून घेते. सामानाने लादलेली सायकल त्या ओढीने वीतभर तरी हलते. नवख्या माणसाचा हात अशा वेळी घट्ट आवळतो, आणि घट्ट हाताने सायकल अधिकच डळमळते.

दुसरी वाट जुन्या ग्रँड ट्रंक रोडची. ती धरण्यासाठी डमडमहून गंगेच्या काठाशी यावे, आणि दक्षिणेश्वरजवळ बालीच्या पुलावरून पलीकडे जावे किंवा आणखी वर जाऊन नावेने नदी ओलांडावी. पलीकडच्या काठाला उत्तरपाडा, कोन्नगर, रिषडा, श्रीरामपूर, वैद्यबाटी, चंदननगर, चुंचुडा, बंडेल ही गावे एकाला एक लागून आहेत. या रस्त्याला शांत म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. बस, सायकल रिक्षा, बंगालात ज्यांना टोटो म्हणतात त्या बॅटरीवरच्या रिक्षा, भाजीच्या हातगाड्या, शाळेची मुले, मिठाईच्या दुकानांपुढचे घोळके, या सर्वांतून वाट काढावी लागते. परंतु या गर्दीत ताशी वीस-पंचविसांच्या वर कोणाला जाताच येत नाही. सायकल येथे उपरी नाही; ती त्या प्रवाहातला एक थेंब आहे. म्हणजे ज्याला आपण गजबजलेला म्हणून टाळू पाहतो, तो रस्ता वस्तुतः सायकलच्या बेताचा निघतो.

याची किंमत वेळेने द्यावी लागते, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. साठ किलोमीटरचे अंतर ताशी अठराच्या वेगाने तीन तास वीस मिनिटांत तुटते. ताशी बाराच्या वेगाने त्याच अंतराला पाच तास लागतात. शिवाय क्षणोक्षणी थांबणे आणि पुन्हा निघणे हे पायांना अधिक शिणविते. ज्याला दिवसाला दीडशे किलोमीटर काटावयाचे आहेत, त्याने सबंध दिवस असल्या रस्त्यावर घालविण्याचा हट्ट धरू नये. बंडेलच्या पुढे मगरा, पांडुआ, मेमारी अशी जुन्या रस्त्याची वाट पुष्कळ मोकळी होते. तेव्हा नदीकाठची ही मिरवणूक अर्ध्या दिवसाची समजून घ्यावी.

नावेने नदी ओलांडण्याची गोष्ट वर ओझरती आली; तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण या वाटेचे मर्म तिच्यातच आहे. हुगळीच्या दोन्ही काठांवर घाटामागून घाट आहेत, आणि बॅरकपूर ते श्रीरामपूर, नैहाटी ते चुंचुडा अशा कित्येक ठिकाणी उतारूंना पलीकडे नेणाऱ्या बोटी दिवसभर चालतात. त्यांत माणसांबरोबर सायकली चढतात, ही तेथे नवलाई नव्हे. कामावर जाणारा मजूर रोज हेच करतो. कोकणच्या लोकांना ही व्यवस्था चटकन उमजेल. मुंबई–गोवा महामार्ग सोडून सागरी मार्गाने जाणारे सायकलस्वार आगरदांडा–दिघी, वेशवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा खाड्या फेरीबोटीनेच ओलांडतात. रुंद पाण्याचा गुण असा की ते मालमोटारींचा लोंढा अडविते आणि सायकलला मात्र सोडते. जेथे पूल नाही तेथे दूरची वाहतूक येत नाही, म्हणून नकाशावर शांत रस्ता शोधावयाचा असेल तर नावेची खूण शोधावी, हा अनुभवी सायकलस्वारांचा आडाखा पूर्वेला आणि पश्चिमेला सारखाच खरा ठरतो.

बॅरकपूरहून नावेने श्रीरामपूरला उतरणाऱ्या मराठी माणसाला तेथे आपल्या घरचीच एक गोष्ट भेटते. १८४५ पर्यंत हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि विल्यम कॅरे व त्याचे सहकारी यांनी आपला छापखाना तेथे घातला होता. कॅरेने इंग्रजीत लिहिलेले मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली तेथून निघाले. त्यातील मराठी मजकूर देवनागरी खिळ्यांनी छापलेला होता. १८१० साली त्याचा मराठी कोश निघाला, त्यातील शब्द मोडी खिळ्यांनी छापलेले. नागपूरकडचे वैजनाथशास्त्री त्याला या कामी साहाय्य करीत. मराठी मुद्रणाची ही पहिली पावले मुंबईत किंवा पुण्यात न पडता गंगेच्या काठी पडली. दिल्लीच्या महामार्गाने भरधाव जाणाऱ्याला श्रीरामपूर दिसतच नाही. रस्ता त्याला बगल देऊन काढलेला आहे. महामार्गाची सोय आणि महामार्गाचा तोटा, दोन्ही याच एका गोष्टीत आहेत.

महाराष्ट्रात असाच एक जुना-नवा जोड सर्वांच्या परिचयाचा आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. त्यावर सायकलीला प्रवेश नाही. परंतु त्या मार्गाने दूरची बरीचशी वाहतूक स्वतःकडे ओढून घेतली, आणि १८३० साली बोरघाटातून काढलेल्या रस्त्याचा जो वारस, त्या जुन्या महामार्गावरचा भार हलका झाला. नवा रस्ता झाला की जुना सायकलस्वाराच्या वाट्याला येतो. मात्र जुना तसाच ठेवून शेजारी नवा काढला तरच. जुन्यालाच फुगवून नवा केला, तर त्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. डमडमच्या जेसोर रोडवर नेमके हेच घडू पाहत आहे; त्याकडे पुढे वळू.

तत्पूर्वी आडवाटेचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण तिचे भाट पुष्कळ आहेत. बारासातच्या पलीकडे मुख्य रस्ता सोडून खेड्यांकडे वळले की पावणेचार मीटर रुंदीचा डांबरी रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना पोखरी म्हणजे तळी, केळी, बांबूची बेटे, मध्येच मोहरीचे शेत. वाहने तासाला मोजकी. पण जे एखादे येते, त्याला समोर कोणी असेल अशी अपेक्षाच नसते, आणि बांबूच्या बेटाआडचे वळण दोघांनाही आंधळे असते. भाद्रपदाच्या सुमारास शेतकरी ताग भिजवून सोलतात आणि सोललेल्या काड्या व धागे रस्त्याच्या कडेने वाळत घालतात. त्यावरून चाक गेले तर घसरते, आणि कुजत्या तागाचा वास मैलभर सोबत करतो. कापणीनंतर भातही रस्त्यावरच पसरलेले असते. गावोगावी हौसेने बांधलेले गतिरोधक असतात, त्यांना रंग नसतो. कुत्री असतात, अशा वेळी पळ काढण्यापेक्षा सायकलवरून उतरून ती मध्ये धरून शांतपणे चालावे हे उत्तम. पावसाळ्यात डांबराखालची माती बसते आणि पाण्याने भरलेला खड्डा बोटभर आहे की गुडघाभर, हे बाहेरून कळत नाही. रात्री तर आडवाट ही शहाण्याची वाट नव्हेच.

इतके असूनही बंगालात आडवाट धरणाऱ्याला एक मोठा आधार आहे. पंक्चर काढणारा मिळणार नाही अशी धास्ती येथे बाळगण्याचे कारण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, पश्चिम बंगालमधील सुमारे ७९ टक्के कुटुंबांकडे सायकल आढळली. देशाची सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास होती. २०१५ साली सुरू झालेल्या ‘सबूज साथी’ योजनेतून नववी ते बारावीच्या मुलामुलींना सायकली मिळतात. जेथे घरोघरी सायकल आहे तेथे दर दोन-तीन मैलांवर हवेचा पंप आणि पान्हे घेऊन बसलेला कोणीतरी असतोच. विलायती बनावटीच्या सायकलचे बारीक सुटे भाग त्याच्याजवळ नसतील, तेवढे आपले आपण न्यावे.

वाट चुकण्याचे भय मात्र खरे. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ पासून सायकलवाटांच्या प्रत्येक फाट्याला क्रमांक दिलेला आहे. प्रवाशाने कागदावर चार आकडे टिपून निघावे आणि पाट्या पाहत जावे. ही युक्ती काढणाऱ्याला ती कोळशाच्या खाणीतील क्रमांकित बोगद्यांवरून सुचली होती. आपल्याकडे असे काही नाही. फोनवरचा नकाशा वाट दाखवितो, पण ती वाट पावसाने वाहून गेली आहे काय, हे चहाच्या टपरीवरचा माणूसच सांगू शकतो. त्याने ‘सोजा’ म्हटले की सरळ समजावे. मात्र किती अंतर, या प्रश्नाच्या त्याच्या उत्तराला थोडी वाढ देऊन घ्यावी.

कोणती वाट धरावी हे अखेरीस प्रवासाच्या हेतूवरही अवलंबून असते, आणि महाराष्ट्रातील दोन उदाहरणे येथे अगदी समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०२१ साली दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाची सुमारे सहा हजार किलोमीटरची फेरी चौदा दिवसांच्या आत पुरी केली. अशा कामाला महामार्गावाचून गत्यंतर नाही; मात्र त्यात सायकलस्वाराच्या पाठीशी त्याच्या साहाय्यकांचे पथक असते, ही गोष्ट अनुकरण करू पाहणारे विसरतात. याउलट १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाले, तेव्हा त्यांना कोणाला मागे टाकावयाचे नव्हते. लोकांना भेटावयाचे होते. भारत जोडण्यासाठी निघालेल्या माणसाला गावांना बगल देणारा रस्ता काय कामाचा? ज्यांना ब्रेव्हे म्हणतात त्या ठरावीक मुदतीच्या सफरी या दोहोंच्या मध्ये पडतात. त्यांत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असतात, म्हणजे थांबण्यासह ताशी पंधराची सरासरी राखावी लागते. आडवाटेवर ती राखता येते, पण गप्पा मारावयास वेळ उरत नाही.

व्यवहारात जाणता सायकलस्वार सबंध प्रवासासाठी एकच वाट निवडीत नाही. तो तुकड्यातुकड्याने निवडतो. शहराच्या आसपास, जेथे वाहने मुळातच मंद असतात, तेथे तो खुशाल मोठ्या रस्त्याने जातो. वस्ती संपून वाहने वेग घेतात तेथे तो बाजूची वाट शोधतो. पहाटेच्या वेळेविषयी मात्र एक भ्रम आहे. पहाटे रस्ता मोकळा असतो हे खरे. पण रात्रभर मालमोटार हाकणाऱ्याचे डोळेही त्याच वेळी मिटू लागतात, आणि मोकळ्या रस्त्यावर त्याचा पाय जड होतो. म्हणून उजाडण्यापूर्वीचा तास शहरातल्या दिव्यांखाली खर्च करावा आणि महामार्गाला लागावयाचेच असेल तर उन्हे आल्यावर लागावे.

आतापर्यंत ज्याच्याविषयी सांगितले तो प्रवासी सुदैवी म्हटला पाहिजे, कारण त्याला निवड करता येते. डमडमच्या रस्त्यांवर पहाटेपासून सायकली दिसतात त्या बहुतांशी हौशी लोकांच्या नसतात. वर्तमानपत्रे टाकणारा, मासळीची टोपली मागे बांधलेला, दुधाचे कॅन लटकविलेला, गवंडीकामाची थापी पिशवीत घेऊन निघालेला, असे ते लोक असतात. कोलकाता पोलिसांनी २००८ साली शहरातील ३८ रस्त्यांवर सायकलींना बंदी केली; २०१३ साली ती १७४ रस्त्यांवर नेली. पुढे ही संख्या कमी करण्यात आली, आणि २०२० साली साथीच्या दिवसांत बस व लोकल बंद पडल्या तेव्हा सायकलींना पुष्कळ मोकळीकही मिळाली. बंदीचे कारण असे सांगितले जाई की सायकलींमुळे वाहतूक मंदावते. हौशी प्रवाशाला गल्लीबोळांतून घातलेला वळसा म्हणजे सहल वाटेल. दिवसातून चार फेऱ्या करणाऱ्या मासळीवाल्याला त्याच वळशाने रोज दोन-चार मैल अधिक पडतात, आणि बर्फ तेवढा अधिक वितळतो.

जेसोर रोडची गोष्ट याहून बिकट आहे. जेसोरच्या काली पोद्दार नावाच्या जमीनदाराने आपल्या आईला गंगास्नानाला जाता यावे म्हणून हा रस्ता बांधविला, अशी लोककथा आहे. बारासातच्या पुढे त्याच्या दोन्ही कडांना शंभरीच्या पलीकडचे प्रचंड पर्जन्यवृक्ष आहेत. त्यांच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींत गुंतून मांडव घालतात, आणि वैशाखाच्या उन्हातही त्याखालून जाणाऱ्या सायकलस्वाराला टोपी काढावीशी वाटते. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचे तांडे याच सावलीतून चालत आले होते. आज या रस्त्यावरून पेट्रापोलच्या सीमेकडे मालमोटारींच्या रांगा जातात. रस्ता अरुंद आहे, त्या रुंद आहेत, आणि झाडे सरकत नाहीत. जुन्या फांद्या कोसळूनही अपघात होतात. म्हणून रेल्वे फाटकांवर पाच उड्डाणपूल बांधण्यासाठी ३५६ झाडे तोडण्याची योजना पुढे आली. पर्यावरणवाद्यांनी न्यायालयात धाव घेतली. २०१८ साली कोलकाता उच्च न्यायालयाने एका झाडामागे पाच नवी झाडे लावण्याच्या अटीवर तोडीला परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती काही काळ रोखली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत अखेर मान्य केली. संपूर्ण रस्ता रुंद करावयाचा तर तोडावी लागणारी झाडे चार हजारांच्या घरात जातात.

फाटकांपाशी तासन् तास खोळंबणाऱ्या रुग्णवाहिका ज्यांनी पाहिल्या, त्यांचा पुलांसाठीचा आग्रह चुकीचा म्हणता येत नाही. पण वर मांडलेला हिशेब येथे लागू करून पाहावा. हीच झाडे आज मालमोटारींना वेग घेऊ देत नाहीत. बुंध्यांमधून वाट काढताना चालकाला पाय आवरता घ्यावा लागतो, आणि त्याच आवरलेल्या वेगाच्या आधाराने हाबडा, गायघाटा, चांदपाडा येथील शाळकरी मुली सरकारने दिलेल्या सायकलींवर या रस्त्याने ये-जा करतात. रस्ता रुंद आणि मोकळा झाला की वीस-तीसचा वेग साठ-सत्तरावर जाईल. नुसती रुंदी वाढवून भागणार नाही. कडेला सायकलींसाठी वेगळा पट्टा राखून ठेवला तरच या मुलींचा निभाव लागेल. विमानतळापासून फार दूर नसलेल्या न्यू टाऊनमध्ये, राजारहाटच्या शेतांवर वसविलेल्या नव्या शहरात, मोठ्या रस्त्याच्या कडेने असे पट्टे आखलेले आहेत. तेथे ते नगर वसवितानाच्या काळात करता आले. जेसोर रोडवर ते आता, पुलांचे आणि रुंदीकरणाचे नकाशे कागदावर असतानाच, आखून घ्यावे लागतील.